शिळ्या पाण्याचा समुद्र

आमच्या समोरच्या दारातले दाजी नळाच्या पाण्याचा समुद्र करायचे. हसू नका, मी आधीच पोटभर हसून घेतलंय. भाईंदर पश्चिमेला आमची चार मजल्यांची बिल्डिंग, किनारा रिक्षाने फार लांब नाही, आणि हा माणूस बाथरूमच्या दारात निळं पिंप ठेवून त्यात पुड्यातलं मीठ कालवत बसायचा.

"अहो दाजी, पालीच्या किनाऱ्यावर जाऊन दोन कॅन भरून आणा की! देवाने फुकटात करून ठेवलंय," मी म्हणायचे.

"किनाऱ्याजवळचं नको, वहिनी. होड्यांचं डिझेल, खाडीचा गाळ. माशांना सोसायचं नाही."

"मग तिथले मासे जगतात कसे?"

"ते दूर पळू शकतात. आपले काचेत आहेत."

त्यांच्यापुढे मी हात टेकले होते. दाजींची तीस वर्षं गिरगावातल्या एका फोटो स्टुडिओच्या डार्करूममध्ये गेली. अंधारात मोजून पाणी, मोजून पावडर, मोजून मिनिटं. पुढे डिजिटल कॅमेरे आले, स्टुडिओला टाळं लागलं आणि दोघं नवराबायको इकडे राहायला आली. मूलबाळ नाही. चंपा, त्यांची बायको, माझ्याच वयाची, रत्नागिरीकडची आणि भांडायला एक नंबर. पहिलं वर्षभर आमचं दोघींचं गॅलरीतल्या ओल्या कपड्यांवरून रोज वाजायचं. मग कधीतरी भांडता भांडताच आम्ही एकमेकींकडे चहा प्यायला लागलो.

२००५ मध्ये चंपाला झटका आला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. पाय हळूहळू धरून धरून चालण्याइतका सुधारला, पण हात मेल्यासारखा मांडीवर पडलेला. व्यायाम शिकवायला अनुष्का म्हणून एक गोड मुलगी यायची. तिने हातात रबरी बॉल दिला की चंपा भिंतीकडे तोंड फिरवायची. कसली जिद्दी बाई! मला तर तिला गदागदा हलवावंसं वाटायचं.

एकदा डॉक्टरांच्या दवाखान्यात नंबर लागायची वाट बघत बसले होते दोघं. तिथे काचेच्या टाकीत दोन केशरी मासे होते, अंगावर पांढरे पट्टे. बघता बघता चंपाचा उजवा हात मांडीवरून चार बोटं वर उचलला गेला. दाजींनी लगेच चौकशी केली. "खाऱ्या पाण्यातले आहेत, घरी जमायचे नाहीत," असं त्यांना सांगण्यात आलं. पाण्यात काही मिसळायचं आणि ते जमणार नाही? हे डार्करूमवाल्याला सांगायचं?

महिनाभरात टाकी आली, मागून तसेच दोन मासे आले. मोठी ती मादी म्हणे, छोटा तो नर. मी त्यांना थोरली आणि धाकटा म्हणायचे. दाजी चंपाच्या उजव्या तळहातावर खाणं ठेवायचे, ती दात-ओठ खात हात वर न्यायची आणि टाकीच्या काठावर उलटा करायची. बोटं काही मिटत नव्हती. ती मिटतील की नाही हे अनुष्कालाही सांगता येत नव्हतं. पण सहा महिन्यांत हात मांडीवरून काठापर्यंत पोचला होता, तो त्या दोन माशांसाठी. दुसऱ्या कशासाठी तो इंचभर हलत नव्हता. मासे आहेत तोवर हात आहे, हे दाजींना ठाऊक होतं आणि मलाही.

म्हणून तर त्या पाण्याचे एवढे लाड. आमच्याकडे पाणी एक दिवसाआड, सकाळी सहाला. त्याला ब्लीचिंगचा वास. दाजी पिंप भरून दोन दिवस उघडं ठेवायचे, आत हवेचा पंप बुडबुडत असायचा. मग हायपोचे थेंब टाकायचे, म्हणजे उरलासुरला क्लोरीन मरतो. "याच हायपोने मी फोटो पक्के करायचो," हे त्यांनी मला निदान वीस वेळा सांगितलं असेल. मग मीठ. मग खारटपणा मोजायला काचेचं एक तरंगतं नळकांडं पाण्यात सोडून डोळा बारीक करून रेघ बघायची. एक रेघ वर नाही, एक रेघ खाली नाही. दर रविवारी टाकीतलं थोडं पाणी काढून हे नवं घालायचं.

त्या फेब्रुवारीत दाजींचा भाऊ गावी वारला. तीन दिवस जाणं भाग होतं. मी त्यांच्या घरीच मुक्काम ठोकला. निघताना ते म्हणाले, "वहिनी, गुरुवारी पाणी आलं की पिंप भरा आणि पंप चालू ठेवा. बाकी काही करू नका."

आता बाकी काही करू नका म्हणजे काय, हे माझ्यासारखीला सांगून कळतं का? आदल्या दिवशी लाइनीचं काम झालेलं, गुरुवारी नळाला चहासारखं मातकट पाणी. असल्या पाण्यात मी कपडे भिजवणार नाही, ते त्या लेकरांना द्यायचं? गेले घरी, तुरटीचा खडा आणला आणि पिंपात गरागरा फिरवला. गाळ बसेना म्हणून पुन्हा फिरवला. माझी आई, तिची आई, सगळ्यांनी हेच केलं. दुसऱ्या दिवशी पिंपाचा तळ दिसत होता. काय छाती फुगली माझी!

शनिवारी सकाळी दाजी आले. "वा, वहिनी! आरशासारखं पाणी आलंय या वेळी." मी नुसती हसले. खालचा गाळ सोडून वरचं पाणी त्यांनी दुसऱ्या पिंपात काढलं, हायपो घातलं, मीठ घातलं, रविवारी संध्याकाळी पाणी बदललं.

सोमवारी सकाळी दोन्ही मासे वाळूवर आडवे. कल्ले धापा टाकल्यासारखे उघडत-मिटत होते. चंपाने हात काठापर्यंत नेला, खाणं टाकलं, वर कुणी आलं नाही. हात खाली आला आणि मांडीवर पडला. ते मला बघवलं नाही.

दाजी नळकांडं पुन्हा पुन्हा बुडवून बघत होते. "रेघ बरोबर आहे. म्हणजे हायपो जास्त पडलं. माझेच डोळे गेले, वहिनी. हात चुकला माझा." मग हळूच म्हणाले, "आता हे माझ्याच्याने व्हायचं नाही. टाकी देऊन टाकू कुणाला तरी."

मी घरी आले आणि तांदूळ निवडायला बसले. निवडते कसली? एकच मूठ चारदा चाळली. सांगितलं तर हा माणूस माझं तोंड बघणार नाही. नाही सांगितलं तर उरलेलं आयुष्य स्वतःचेच डोळे फुटले म्हणून बसेल. ताट तसंच टाकून उठले.

"दाजी, मी पिंपात तुरटी फिरवली होती."

ते माझ्याकडे वळले. "किती?"

"भरपूर."

मला वाटलं, आता बरसतील. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. "म्हणजे माझा हात चुकला नव्हता," ते म्हणाले, आणि त्यांच्या चेहऱ्यावर जी सुटका दिसली तिने मला रडू फुटलं. "रडू नंतर, वहिनी. आधी पाणी पाहिजे. नळाचं ताजं चालणार नाही. दोन दिवसांचं शिळं पाहिजे, निदान पाच बादल्या. तुरटी न फिरवलेलं, ती माशांच्या कल्ल्यांना बाधते. आणि तांब्याच्या भांड्यातलं अजिबात नको, तांबं उतरतं पाण्यात."

माझ्या घरचं सगळं पिण्याचं पाणी तांब्याच्या घागरीत. घासून लखलखीत ठेवते, त्याचा काय तो तोरा! घेतली बादली आणि निघाले मजल्या-मजल्याने शिळं पाणी मागत. ताजं आलं की शिळं ओतून देणाऱ्या बायका आम्ही. शिळं आहे हे कबूल कोण करणार?

"बासी पानी है क्या?" मी वरच्या शाहभाभींना विचारलं.

"हमारे घर में बासी कुछ नहीं रहता!"

"भाभी, चंपा की मछली मर रही है।"

त्यांनी मान वळवून आत पाहिलं आणि मोरीतला झाकलेला ड्रमच उघडून दिला. मग दारं उघडायला लागली. कुणाची पलंगाखालची बादली, कुणाचा माळ्यावरचा कॅन. प्रत्येकीला माझा एकच प्रश्न, तुरटी नाही ना? माझे गुडघे बोलायला लागले, पण दुपारी दोनपर्यंत पाच बादल्या जमल्या. दाजींनी हायपो, मीठ, पंप सगळं केलं. थेंब मोजताना हात जरासुद्धा थरथरला नाही. एरवी दिवसभर मुरू देतात, त्या दिवशी पाच तासांवर भागवलं आणि रात्रीच्या जेवणाआधी अर्धी टाकी बदलली.

सकाळी गेले तेव्हा धाकटा पोहत होता. थोरली पाण्यावर तरंगत होती, पोट वर करून. चंपा खुर्चीत बसून तिच्याकडे बघत होती. दाजी जाळी हातात घेऊन उभे होते, पण बुडवत नव्हते.

मी चंपापुढे खाली बसले. म्हटलं, "चंपा, हे मी केलं. माझ्या हाताने केलं. काय हवं ते बोल मला." मग लक्षात आलं की ती बोलणार कशी, आणि मी तिच्या मांडीवर डोकं टेकून ढसाढसा रडले.

डोक्यावर काहीतरी सरकलं. तिचा उजवा हात. केसांवरून चाचपडत तो माझ्या कानाशी आला. मला वाटलं, कुरवाळतेय बिचारी. तेवढ्यात तिने माझ्या कानाची पाळी दोन बोटांत धरली आणि असा काही कान पिळला माझा, की मी ओरडलेच.

दाजींच्या हातातली जाळी खाली पडली. "वहिनी, हलू नका," ते म्हणाले. "दुखतंय का?"

"दुखतंय हो!"

"खूप दुखतंय?"

"मेले मी, दाजी! सोडतच नाहीये ही!"

"नकोच सोडू," दाजी चंपाला म्हणाले, आणि तिथेच फरशीवर बसून रडायला लागले.