मीठ घातलेला बर्फ

त्या हंगामात माझ्या वहीच्या एका पानावर तीन रकाने होते: नाव, नळीचा नंबर, काय सांगायचं. तिसरा रकाना कोराच राहिला.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. श्रीरामपूरजवळच्या सरकारी दवाखान्यात मी रक्त तपासायचे. पाटाच्या कडेला ऊसतोड टोळ्यांच्या कोप्या, म्हणजे पाचटाच्या झोपड्या, उभ्या राहिल्या की हिवतापाचे रुग्ण वाढायचे. माझा कॉलेजातला एक मित्र तेव्हा पुण्याच्या एका प्रयोगशाळेत होता. त्याच्याकडे नवं यंत्र आलं होतं: सोन्याचा मुलामा दिलेली, सतत थरथरणारी स्फटिकाची चकती. हिवतापाच्या रुग्णाच्या रक्तपेशी तिला चिकटल्या की थरथर मंदावते आणि त्यावरून चिकटणं मोजता येतं. अशाच पेशी मेंदूतल्या बारीक नसांना चिकटतात आणि ताप डोक्यात जातो.

"ज्यांचं रक्त जास्त चिकटेल त्यांची नावं मी तुला कळवतो," तो म्हणाला. "तू त्यांना आधीच सावध कर."

मी कामाला लागले. गोळ्या सुरू करण्याआधी एक जादा नळी घ्यायची, नंबर टाकायचा, वर्तमानपत्रात गुंडाळून बर्फाच्या थर्मासात ठेवायची, एसटीच्या कंडक्टरकडे द्यायची. नगरच्या स्टँडवर बर्फ बदलायची सोय मित्राने केली होती. बाहेरचा पॉट आइस्क्रीमवाला त्याच्या ओळखीचा होता.

पहिली नळी पाथर्डीकडच्या एका बाईची. तिची धाकटी बहीण आदल्या हंगामात इथेच, ताप डोक्यात जाऊन गेली होती. पुढच्या वर्षी पाटावर यायचं की नाही, हे ती माझ्या उत्तरावर ठरवणार होती. दर बाजाराच्या दिवशी दारात उभी.

"बाई, माझं रगत चिकटलं का न्हाई?"

"पुण्याहून यायचंय अजून."

"पुण्याला गेलंय का इलायतेला?"

हंगाम संपत आला तशी मी वही घेऊन स्वतः पुण्याला गेले. मित्र चहा सांगायला बाहेर गेला होता. कपाटात माझ्या सगळ्या नळ्या ओळीने उभ्या होत्या, माझ्याच अक्षरातल्या नंबरांसकट. एकीतही पेशी तळाशी बसलेल्या नव्हत्या. वरपासून खालपर्यंत सारखं लाल पाणी. पेशी फुटल्या की असं होतं, हे मला कोणी सांगायला नको होतं. शेजारी थर्मास होता. त्याच्या झाकणाच्या आट्यांत पांढरं साचलेलं. जिभेला लावून पाहिलं. मीठ.

आइस्क्रीमवाल्याने त्याच्या हिशेबाने चांगलंच केलं होतं. बर्फ आणखी थंड व्हावा म्हणून त्याने आइस्क्रीमसारखं मीठ घातलं आणि नळ्यांतल्या रक्ताचाच बर्फ होऊन पेशी फुटल्या.

मित्र आला. मी नळी समोर धरली.

"कधी कळलं तुला?"

"पहिल्याच खेपेला."

"दवाखान्यात फोन आहे. सांगितलं का नाहीस?"

"अगं, नमुने येताहेत असं दिसलं तरच यंत्र आमच्याकडे राहणार होतं. आणि तू इतक्या हौसेनं पाठवत होतीस. पुढच्या हंगामात नीट करू की."

चहा न घेता मी निघाले. एका फोनचं काम होतं. मीठ घालू नका, एवढंच सांगायचं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी कोप्यांवर गेले. निम्म्या टोळ्या गेल्या होत्या. ती बाई भांडी पोत्यात भरत होती. मी सगळं सांगितलं, मित्राचंसुद्धा. पुढच्या वर्षी आलीस तर मच्छरदाणी आण, ताप आला त्याच दिवशी दवाखान्यात ये, हेही सांगितलं.

"म्हंजी चिकटतंय का न्हाई, ते कळलंच न्हाई?"

"नाही."

"आन् मी दर बाजारी येत हुते, तवा तुमाला ठावं न्हवतं?"

"नव्हतं."

तिने माझ्या काखेतल्या वहीकडे बोट केलं. "त्यात माझं नाव हाय ना? खोडा."

मी पेन काढलं आणि खोडलं. तिला वाचता येत नव्हतं. तिने पान हातात घेऊन विचारलं, "ह्येच का माझं?"

मी हो म्हटलं. तिने शेजारच्या कोपीतल्या मुकादमाला हाक मारली आणि पान वाचून घेतलं.