वेल्ह्यात घेतलेले नाव

स्वारगेटहून भोरची एस.टी. सुटली तेव्हा खिडकीजवळची जागा मिळाली. हा प्रवास देवदर्शनाचा नव्हता आणि गड चढण्याचाही नव्हता. ते वय सरले. माझी पत्नी शालिनी हयात असताना एक वाक्य बोलली होती. ते काय होते, हे विचारण्यासाठी मी निघालो होतो.

शालिनीचे माहेर वेल्ह्याच्या पुढे, तोरण्याच्या पायथ्याशी एका वाडीत. तरुणपणी मी मोजणी खात्यात होतो. जमिनी मोजायला त्या भागात गेलो आणि तिथलाच जावई झालो. काही वर्षांपूर्वी ती माहेरी गेली असताना वाडीत एका मालिकेचे शूटिंग होते. मालिका मराठी, पैसा परदेशी कंपनीचा; इंटरनेटवरून घरोघरी मालिका दाखवणाऱ्या कंपन्यांपैकी एक. लग्नघरातल्या बायका म्हणून त्यांना वाडीतल्या बायका हव्या होत्या. शालिनी उभी राहिली. घरी परतल्यावर तिने सांगितले, "शूटिंगला उभी राहिले होते." मी म्हणालो, "बरं." पुढच्या वर्षी ती गेली. मालिका त्यानंतर आली.

आली, पण आपल्याकडे नाही. त्याच कंपनीची वर्गणी मी भरतो. शोधल्यावर पडद्यावर अक्षरे येतात : हा कार्यक्रम आपल्या देशात उपलब्ध नाही. मी कंपनीला फोन केला. पलीकडची मुलगी सौजन्याने बोलली. प्रत्येक देशाचे हक्क वेगळे ठरतात, तेव्हा कंपनीने स्वतः बनवलेली मालिकाही सगळीकडे दिसेलच असे नाही, असे तिने समजावले. मी म्हटले, "ती भोरच्या चौकात आणि वेल्ह्याच्या अंगणात काढली आहे." ती म्हणाली, "हो सर, पण तिथे उपलब्ध नाही."

आमची मुलगी मेधा जर्मनीत असते. तिथे ती मालिका दिसते. अचानक पडद्यावर आई दिसली तेव्हा तिने मला फोन केला. मग टीव्हीसमोर मोबाईल धरून तेवढा तुकडा तिने पाठवला. चित्र आहे, आवाज नाही. म्हणजे तिचा नाही. तिथे मालिका फक्त जर्मन आवाजात आहे. हिरव्या लुगड्यात शालिनी दारात उभी आहे, ओठ हलतात आणि कोणी परकी बाई जर्मन बोलते. मेधाने अर्थ सांगितला. नव्या सुनेची वाट अडवतात, तसा प्रसंग आहे; बायकांनी उखाण्यात नवऱ्याचे नाव घेऊन आत यायचे. जर्मन बाई मालिकेतल्या कोणा 'दत्ताजीं'चे नाव घेते.

परंतु नावाच्या जागी शालिनीचे ओठ दोनदा मिटतात. 'दत्ताजी' म्हणताना ओठ मिटत नाहीत. मी आरशासमोर म्हणून पाहिले. माझे नाव पद्माकर. ते म्हणताना मिटतात.

उभ्या संसारात तिने मला 'अहो' याखेरीज काही म्हटले नाही. लग्नात घास भरवताना नाव घेतले असेल. वाजंत्रीपुढे मला ऐकू आले नाही. तेव्हा ओठांवरून बांधलेले अनुमान मला पुरेसे वाटेना. मोजणीत मी अनुमानावर कधी सही केली नाही.

शेजारच्या गृहस्थांनी एक उपाय सुचवला होता. आपण दुसऱ्याच देशात बसलो आहोत असे कंपनीला भासवता येते, मग मालिका उघडते. मी नको म्हणालो. जिथे मी नाही, तिथे असल्याचे सांगणार नाही.

कात्रजचा बोगदा मागे पडला. खेड-शिवापूर, मग नसरापूरचा फाटा. कामथडीच्या शिवारात ज्वारी गुडघाभर झाली होती आणि एक म्हातारी बांधावर बसून पाखरे हाकत असल्यासारखी हात हलवत होती. ज्वारीत दाणा यायला अजून अवकाश होता. कापूरहोळला गाडी महामार्ग सोडून भोरकडे वळली आणि आवाज कमी झाला.

भोरला गाडीतून उतरल्यावर प्रथम चहा घेतला. गोड फार होता. शूटिंगला माणसे पुरवणाऱ्याचे दुकान कुठे, असे विचारताच चहावाल्याने मान वळवून दाखवले. भोरला हे नवे नाही; राजवाड्यापाशी बारमाही कॅमेरे लागतात. दुकानाचे मालक बाळूशेठ हे मूळचे मांडव-डेकोरेटर. लग्नसराईत मांडव घालतात, उरलेल्या दिवसांत शूटिंगला गर्दी देतात.

खुर्च्यांच्या चळतीआड ते हिशेब न करता नुसतेच बसले होते. मी मालिकेचे नाव सांगितले.

"अहो काका, ती व्हय!" ते मोठ्याने हसले. "आमच्या चौकात तीन दिवस रस्ता बंद. माझा सख्खा मेव्हणा त्यात फौजदार झालाय. सगळ्या गावाला सांगून बसला, मला बघा, मला बघा. आन् दिसतंय कुनाला? जर्मनीवाल्यांना! आता त्याला समदे जर्मन फौजदार म्हनत्यात."

"मूळ आवाजाची प्रत तुमच्याकडे आहे का?"

"काका, आमचं काम मानसं न्यायची, जेवू घालायची, परत सोडायची. प्रत कुठली? माझ्याच मांडवाचा फोटो न्हाई माज्याकडं."

मी वेल्ह्याच्या वाडीचा प्रसंग विचारला. बाळूशेठ खुर्चीत सावरून बसले.

"त्या बाया? डोकं फिरवलं त्यांनी. डायरेक्टर साहेबाच्या हाताखालच्या पोरीनं नावं पढवली होती एकेकीला. ही बाई ह्याची, ती बाई त्याची. समद्यांनी माना डोलावल्या. आन् कॅमेरा लागल्यावर एकीनं घेतलं असंल तर शपथ. साहेब दिल्लीचा, त्याला मराठी कुठं येतंय? त्याला ठेका आवडला, म्हनाला छान."

"मग कोणाची नावे घेतली?"

"मी जेवनाच्या टेम्पोपाशी होतो, काका. ते त्यांनाच इचारा." मग त्यांनी माझ्याकडे नीट पाहिले. "तुमचं कोन होतं त्यात?"

"मंडळी."

ते उठले. दुकानाबाहेर येऊन रस्ता ओलांडेपर्यंत माझ्याबरोबर चालले. तशी गरज नव्हती.

भोरहून नसरापूरला परत येऊन वेल्ह्याकडे जाणारे वडाप (माणसे भरल्यावर सुटणारी जीप) धरले. तालुक्याचे नाव आता राजगड झाले आहे, पाट्याही बदलत आहेत. चालक मात्र "वेल्हे, वेल्हे" असेच ओरडत होता. मी न विचारता बसलो ही माझी चूक. जीप मार्गासनीपर्यंतचीच निघाली. उरलेल्या वेल्हेकरांनी दुसरी जीप धरली आणि माझ्या वाट्याला जागा उरली नाही. दुधाच्या रिकाम्या किटल्या घेऊन परतणाऱ्या एका टेम्पोवाल्याने मला पुढे बसवले.

"कुठलं पाव्हनं?" त्याने विचारले. मी वाडीचे आणि मेहुण्याचे नाव सांगितले.

"म्हंजी शालूआक्कांचं मालक तुमी? मोजनीवालं?" त्याने गाडी हळू केली. "माझ्या चुलत्याचा बांध तुमी सरकवला हुता म्हनं."

"बांध होता तिथेच होता. तुमचा चुलता सरकला होता."

तो इतका हसला की किटल्याही वाजल्या. पुढे त्याने मला थेट वाडीच्या वळणापर्यंत सोडले.

भातकापणी संपली होती. खाचरे रिकामी आणि पेंढ्याच्या गंजी उन्हात पिवळ्याधमक. कानंदीचे पाणी खडकांतून जेमतेम वाहत होते. तोरणा समोर होता. या मुलखात माझी मोजणीची साखळी जिथे जिथे पडली, त्या जागा मला अजून ओळखू येतात. शालिनी कुठे उभी राहून मोजणी पाहत असे, ती जागाही येते. तिथे आता पाण्याची टाकी आहे.

मेहुणा ज्ञानोबा गुरांमागे गेला होता. त्याच्या पत्नी हौसावहिनींनी पायांवर पाणी दिले.

"दाजी, न सांगता? कोंबडं तरी धरून ठिवलं असतं."

"कोंबडे नको. एक विचारायचे आहे."

"इचारा की. आदी जेवा."

हुलग्याची शेंगोळी (पिठाची वळलेली कडबोळी, पातळ तिखट रश्श्यात शिजवलेली), नाचणीची भाकरी आणि आंबेमोहोराचा भात. तिखट होते. पुण्याच्या घरी शेंगोळी होऊन दोन हिवाळे झाले, हे तेव्हा ध्यानात आले. मी पुन्हा वाढून घेतले. वहिनींनी पाहिले.

पाहुणा आल्याची खबर लागून शेजारच्या गंगूमावशी येऊन उंबऱ्याशी टेकल्या. त्याही त्या शूटिंगमध्ये होत्या. मी मोबाईल काढून तो तुकडा दाखवला. दोघींनी डोकी जवळ आणली.

"आगं बया, शालू!" मावशी म्हणाल्या. "आन् ही काय बोलतीया? घसा बसलाय का हिचा?"

"ते जर्मन आहे. आवाज तिचा नाही."

"मंग बंद करा ते."

मी बंद केले. मग विचारले, "तुम्हाला पढवलेली नावे तुम्ही घेतली नाहीत, असे भोरला कळले."

हौसावहिनींनी पदर सारखा केला. "कशी घ्यायची, दाजी? मला म्हनं, सर्जेरावांचं घे. कोन सर्जेराव? परक्या बाप्याचं नाव मालक म्हून घ्यायचं? नाटकातलं असलं म्हून काय झालं? नाव घेतलं की घेतलं."

"ती पोरगी रडकुंडीला आली," मावशी म्हणाल्या. "म्हनली, आजी, खोटं खोटं घ्यायचंय. मी म्हनलं, बाय, ह्यात खोटं नसतं."

"मग ठरलं आमचं," वहिनी म्हणाल्या. "मान हलवायची आन् आपापल्या धन्याचं घ्यायचं. पयली मी घेतलं. साहेब म्हनला छान. मग काय, समद्या सुटल्या."

"आणि शालिनी?"

आतून चुलीचा धूर आला.

"तिनं तर उखानाबी त्यांचा न्हाई घेतला," वहिनी म्हणाल्या. "सोताचा जुळवला. हितंच, जात्यापाशी बसून. आमाला आदी म्हनून दावला." आणि डोळे मिटून, हात गुडघ्यावर ठेवून त्यांनी म्हटला :

"बांधाला बांध लागला, मधी पडली साखळी,
मोजाया आले रान, नेली माहेरची पाकळी..."

त्या थांबल्या.

"पुढे?"

"पुढं नाव हाय."

"मग सांगा."

"आमी कसं घ्यायचं, दाजी? जावयाचं नाव, तेबी तुमच्या म्होरं? ते तिचं तिनंच घ्यायचं." त्या नावाएवढी जागा सोडून त्यांनी शेवट केला : "...रावांचं नाव घेते, वाट करा मोकळी."

मला उत्तर हवे होते. "दत्ताजीराव नव्हे ना?"

"काय बोलताय!" मावशी खवळल्या. "साखळी घेऊन हितं दत्ताजी आला हुता का? तुमचंच घेतलं तिनं. लांबवून घेतलं. साहेबाला ऊन-सावलीचं काय जमंना, त्यानं परत परत घ्यायला लावलं. दर येळंला घेतलं, आन् दर येळंला घेऊन झालं की हसायची. आमी म्हनलं, आगं शालू, दाजी घरात आईकत्याल तर? ती म्हनली, आईकू देत की."

मी अंगणात गेलो. तोरण्यावर ऊन होते. कोणीतरी गुरे आणत होते. घंटा आधी ऐकू आली, मग गुरे दिसली. ज्ञानोबा आला, त्याच्याशी पिकापाण्याचे बोललो. काय बोललो ते आठवत नाही.

शेवटच्या एस.टी.ची वेळ झाली तेव्हा पिशवी घेऊन निघालो. दारात हौसावहिनी आडव्या उभ्या होत्या, दोन्ही हात चौकटीला लावून.

"नाव घ्या, दाजी."

"आगं हौसे," मावशी म्हणाल्या, "असं काय करतीस, त्यांना..."

"ती एवढ्या मानसांत घेऊन ग्येली. ह्यांनी आमच्यात तरी घ्यावं. मंग वाट सोडते."

"मला यमक जुळत नाही."

"नगा जुळवू. नुसतं घ्या."

ज्ञानोबा जमिनीकडे पाहत होता. या घराच्या अंगणात मी तिला कधी नावाने हाक मारली नव्हती. "शालिनी," मी म्हणालो. आवाज हवा तसा आला नाही. वहिनींनी हात काढले.

एस.टी.त माणसे थोडी होती. मार्गासनीच्या पुढे काळोख पडू लागला आणि खाचरे दिसेनाशी झाली. मनात एकच विचार राहिला. तो आवाज कोणी पुसून टाकलेला नाही. कंपनीच्या कुठल्याशा यंत्रावर तो आहे. कदाचित असा एखादा देश असेल, जिथे मालिका मूळ मराठीतच लावतात, आणि तिथे कोणी अनोळखी माणूस जेवता जेवता माझे नाव ऐकत असेल. हे कोणाचे नाव, कोण म्हणते आहे, त्याला माहीत नसेल. मला माहीत आहे, आणि मी जिथे आहे तिथे ते लागत नाही.

महामार्गाला लागल्यावर मेधाचा फोन आला. काय कळले, ते मी तिला सांगितले. उखाणाही सांगितला, नावासकट.

"बाबा," मग ती म्हणाली, "मी इकडे चौकशी केली. मूळ आवाजात ती मालिका दोन-तीन देशांत आहे म्हणतात. कोणते, ते नीट सांगत नाहीत. तिथलं कुणी ओळखीचं शोधू का? तेवढा तुकडा पाठवायला सांगू? तुम्हाला असलं आवडत नाही, म्हणून विचारतेय."

"शोध," मी म्हणालो.

"नक्की?"

"नाव घेतल्यावर ती हसते. तिथे तोडू नको म्हणावं. हसू पुरतं होऊ दे."