येसूर पिणारा माणूस

“पानी! अरे बाप रे, पानी दो!”

रविवारी सकाळी माझ्यासोबत राहणारा बिहारी लोणी देवकरच्या आमच्या भाड्याच्या खोलीत एवढ्या मोठ्यानं ओरडत होता, की कारखान्याच्या भोंग्यानं लाजून राजीनामा द्यावा. डोळ्यांत पाणी, नाकात पाणी, आणि मागत होता तेही पाणीच. कानांतून धूर निघाला होता. मी स्वतः पाहिला. इंदापूरच्या स्टँडवरूनही दिसला असणार.

मी त्याच्या तांब्यात डोकावलो. पठ्ठ्यानं माझा येसूर पिला होता.

येसूर म्हणजे बाजरी, हरभऱ्याची डाळ अन् मसाला भाजून दळलेलं पीठ. मटणाच्या रश्श्याला ते लावलं की रस्सा दाट होतो. आईनं पणदऱ्याहून एसटीच्या कंडक्टरबरोबर डबा धाडला होता, तिखटाला हात सैल सोडून. आणि हा गडी रोज सकाळी सत्तू प्यायचा, म्हणजे भाजलेल्या हरभऱ्याचं पीठ पाण्यात कालवून, वर मीठ-कांदा. दोघांचे डबे पत्र्याचे, दोन्ही पिठं मातकट, त्यात सर्दीनं ह्याचं नाक बंद. रविवार म्हणून त्यानं अख्खा डबा तांब्यात उपडा केला होता.

एरवी मी हसून लोळलो असतो. पण त्या दुपारी घरमालक आबा आमच्याकडं जेवायला यायचे होते.

खोलीत आम्ही तिघं. मी, हा बिहारी, आणि केरळचा एक वेल्डर, जो दिवसाला मोजून चार शब्द बोलायचा. स्टोव्ह एकच. त्यावर आज मोहरीच्या तेलातले बटाटे, उद्या खोबरेल तेलातला मासा, परवा माझा लसणाचा ठेचा. शिजेल ते तिघांत वाटून खायचं. आबा आठवड्यापूर्वी दारात येऊन म्हणाले होते, “तुमच्या खोलीतनं रोज येगळाच वास येतो. घरात बाया कुरकुरत्यात. म्हयनाअखेर बघा बाबांनो दुसरीकडं.”

माझं गाव एसटीच्या पल्ल्यात होतं, मला धास्ती नव्हती. पण परमुलखातल्या सड्या माणसांना सगळ्या गावात दुसरं कुणी खोली देईना. बिहारी तर ट्रंक आवरायलाच बसला. मग मीच फुशारकी मारली, “आबा, एक डाव आमच्यात जेवा, मग बोला. आमच्या आईच्या येसुराचा रस्सा भुरकला तर तिरडीवरचा माणूस उठून भाकरी मागतो!”

आता मटण शिजत होतं आणि येसूर बिहाऱ्याच्या पोटात होता.

“नारियल है,” वेल्डर म्हणाला. दोन शब्द संपले.

बिहाऱ्यानं नाक पुसत आपला सत्तूचा डबा पुढं केला. “ई भी तो चना ही है, भइया. माई ने भेजा था.”

छठच्या सणाला गावी जाईपर्यंत पुरवायचा सत्तू होता तो. आम्ही तो मसाल्यात परतला, वेल्डरनं भाजलेलं खोबरं वाटून घातलं, मिरी घातली, कढीपत्ता घातला. मी मनातल्या मनात पणदऱ्याच्या दिशेनं हात जोडले.

आबा आले, मांडी घालून बसले, भाकरी कुस्करून वर रस्सा ओतून घेतला. पहिला घास. भुवई वर. दुसरा घास. भुवई तिथंच.

“ह्यो येसूर तुझ्या आईचा न्हाय.”

मी तोंड उघडलं. माझ्याकडं तीन थापा तयार होत्या, तिसरी तर फारच सुरेख. तेवढ्यात बिहारी मध्ये पडला.

“आबा, येसूर तो हम पी गए. सुबह. सत्तू समझ के. इसमें हमारी माई का सत्तू है. गलती हमारी है, इन दोनों को रहने दीजिए.”

आबांचा घास हातातच राहिला. “पिला? येसूर?”

“जी. पूरा लोटा.”

आबांनी माझ्याकडं पाहिलं. मी मान हलवली. आयुष्यात पहिल्यांदाच मला काही वाढवून सांगायची गरज पडली नाही. आबांनी खाली बघून ताट पुढं सरकवलं. वेल्डरनं रस्सा वाढला. मग आणखी एकदा वाढला. सगळं जेवण होईपर्यंत नुसते भुरके.

हात धुऊन आबा दारात चपला शोधायला लागले, तेव्हा मी हळूच विचारलं, “मंग आबा, आम्ही कधी निघायचं?”

“मी कुठं जावा म्हणलो व्हतो?” आबा म्हणाले.