डी नावाचा देश

मी चिडकी आहे, हे आधीच सांगून टाकते. जळगावच्या एका खासगी दवाखान्यात मी नर्स होते. शीर सापडत नसलेल्या पेशंटलाही मी एकदाच टोचून सलाइन लावायचे, पण इंग्रजीच्या परीक्षेत वर्णन लिहायला दिलेला आलेख समोर आला की मला दरदरून घाम फुटायचा. परदेशातल्या एका हॉस्पिटलनं नोकरी देऊ केली होती. अट एकच, त्या परीक्षेत लेखनात नऊपैकी सात गुण. दोनदा मला साडेसहावर अडवलं होतं. तिसऱ्यांदा अडकले असते तर ती जागा दुसरीला गेली असती.

क्लासमध्ये सरांनी फळ्यावर चार देश काढले. त्यांना नावं नव्हती, नुसते ए, बी, सी, डी. घरखर्चातला किती वाटा खाण्यावर, किती कपड्यांवर, किती मौजमजेवर जातो, त्याचे खांब होते. डीचा खाण्याचा खांब फळ्याच्या वरच्या कडेला टेकला होता. मी ऐटीत लिहिलं, डी देशातले लोक सगळ्यांत खाऊनपिऊन सुखी आहेत.

सरांनी वाक्यावर लाल रेघ मारली. "मॅडम, उलटं आहे. ज्या घरात कमाई कमी, तिथं बहुतेक पैसा पोटातच जातो. डी गरीब असणार."

"मग गरीब आहे असं लिहू?"

"तेही नाही. दिसतं तेवढंच लिहायचं. कारण नको, मत नको."

म्हणजे चुकीचं लिहिलं तरी चूक आणि बरोबर लिहिलं तरी चूक. माझं डोकंच उठलं. त्यात घरचा अभ्यास असा की, प्रत्येकानं आपल्या घराचे खांब काढून आणायचे.

रविवारी मी चोपड्याजवळच्या आमच्या गावी गेले. आई गेल्यापासून वडील एकटेच राहतात. त्यांना सगळं गाव नाना म्हणतं, मीही नानाच म्हणते. त्या दिवशी शेतात भरिताचा बेत होता. नाना तुरीच्या काड्यांच्या जाळावर वांगी उलटीपालटी करत होते आणि येणाऱ्याजाणाऱ्याला हाक मारून बसवत होते. मी वही काढून आमच्या अहिराणीत विचारलं, "नाना, आजना खर्च कितला?"

जेवू घालण्याचा हिशेब नानांना कळलाच नाही. वांगी आपली, मिरच्या आपल्या, काड्याही आपल्याच बांधावरच्या. "जेवाडनं म्हंजे खर्च व्हस का, पोरी?"

आता हे भरीत घालू कुठं? खाण्यात घालावं तर विकत फक्त तेल आणलं होतं. मौजमजेत घालावं, तर हसून हसून लोकांची दुपार गेली होती, पण तिला लागलं काय, तर ते तेलच. जसं होतं तसं काढलं तर आमचा खाण्याचा खांब गुडघ्याएवढा, आणि सरांच्या हिशेबानं आम्ही श्रीमंत. मी घराचे पत्रे आठवले आणि मलाच हसू आलं.

हात पुसून नानांनी वही ओढून घेतली. आधीच्या पानावर सरांचा आलेख होता. इंग्रजी अक्षर त्यांना येत नाही, उंची मात्र कळते. सगळ्यांत उंच खांबावर त्यांनी बोट ठेवलं.

"हाऊ सर्वास्मा उच्चा कोन शे?"

"डी."

"कशाना खांब शे?"

"खावाना."

"मंग तू डीमाच जाय. तठे लोके खातस नि खावाडतस. बाकीनास्नं काही खरं नही."

नानांची काळजी मला ठाऊक होती. कुणी बळेबळे वाढलं नाही तर मी जेवत नाही, हे लहानपणापासूनचं. ड्यूटीवर तर दोन-दोन वेळा उपाशी राहते. खरं सांगते, त्या वेळी मला सरांपेक्षा नानांचंच पटत होतं, आणि पटतंय म्हणून परीक्षेची भीती वाटत होती.

परीक्षेला नेमके खर्चाचेच खांब आले. नानांचं मत लिहायला हात शिवशिवत होता. उंच कोण, बुटका कोण, एवढंच लिहिलं आणि पेन खाली ठेवलं. सात मिळाले. सरांनी पेढे वाटले. मी जाणार होते तो देश एसारखा, खाण्याचा खांब सगळ्यांत बुटका, हेही त्यांनीच हसत हसत सांगितलं. इकडे नानांनी गावभर करून टाकलं, "मन्ही पोर डी देशमा चालनी." ते दुरुस्त करायचा मला धीर झाला नाही.

इथं परदेशात आम्ही चौघी नर्स एका घरात राहतो. फ्रिजमध्ये प्रत्येकीचा कप्पा वेगळा, आणि दुधाच्या बाटलीवरसुद्धा नावाची चिठ्ठी. पहिल्या आठवड्यात कुणी कुणाला जेवलीस का म्हणून विचारलं नाही. त्या माणसं म्हणून वाईट नाहीत. हे कुठल्या खांबात बसतं, मला अजून कळलेलं नाही.

रविवारी नानांचा व्हिडिओ कॉल आला.

"डीच शे ना?"

"हां नाना, डीच शे."

"जेवाडतस ना तठला लोके?"

"आग्रह करी करी वाढतस, नाना," मी म्हणाले, आणि टेबलावरचा कोरडा ब्रेड दिसू नये म्हणून फोन तोंडाशी आणखी जवळ धरला.