सगळे आले की सुरू करू

दातांच्या डॉक्टरांना कवळ्या करून देणारा म्हणून गल्लीत सगळे त्याला कवळीवाला म्हणत. ज्याच्यासाठी कवळी करायची त्याचं तोंड त्याला कधी दिसत नसे. जबड्याचा प्लास्टरचा साचा तेवढा यायचा. त्यावर मेणात दात बसवायचे, हिरड्या ओतायच्या, घासून गुळगुळीत करायच्या आणि ठरल्या दिवशी माल पोचता करायचा. त्यात एका दिवसाचा उशीर त्याने उभ्या आयुष्यात केला नव्हता. "तिकडे कोणीतरी बोळक्या तोंडाने बसलंय," तो म्हणायचा, "त्याला काय सांगू, गाडी अडकली होती?"

असा हा माणूस दर रविवारी दुपारी ज्यांची वाट बघत बसायचा, ती माणसं त्याच्याच नशिबी का यावीत हे कळत नाही.

ती यायची खेळायला. खेळ साधा. एकाने गोष्ट सांगायची, बाकीच्यांनी गोष्टीतलं एकेक पात्र व्हायचं. वाटेत दरी आली तर आपण काय करणार ते ज्याचं त्याने सांगायचं, आणि ते जमलं की फसलं हे फाशांनी ठरवायचं. गोष्ट सांगणारा कवळीवाला. पात्रांच्या बोटभर बाहुल्याही त्यानेच केलेल्या, कवळीच्या उरल्यासुरल्या मालातून. त्यामुळे त्याचे यच्चयावत शूरवीर हिरड्यांच्या गुलाबी रंगाचे होते. आठ वर्षं ही फौज एका बंद शहराच्या वेशीकडे निघाली होती आणि पोचत नव्हती, कारण खेळणारेच पोचत नव्हते.

एक त्याचा मेव्हणा. धंदा विम्याचा. दुसऱ्याच्या मरणाची तयारी वीस वर्षं आधी करून देणार, पण स्वतःचा रविवार काही त्याला सापडत नसे. दुसरा गणिताचा क्लासवाला. मुलगा मिनिटभर उशिरा आला तर त्याला जिन्यात उभा करणार आणि इथे स्वतः तासाभराने डुलत येणार. तिसरा फोटोवाला. त्याला केव्हाही फोन करा, तो "पोचलोच" म्हणायचा, आणि मागे बादलीत नळ वाहत असायचा.

कवळीवाल्याने उपाय थोडे केले नाहीत. मेव्हण्याला तासभर आधीची वेळ सांगून पाहिली. बायकोने ते भावाला सांगून टाकलं, आणि मेव्हणा मनातल्या मनात सांगितलेल्या वेळेत दोन तास मिळवायला लागला. एकदा तर त्याने रागाने दार आतून लावून घेतलं. तिघांना वाटलं, गंमत आहे. ते चहाला गेले आणि आणखी उशिरा आले.

वेळेवर यायची एकटी सिस्टर. निवृत्त नर्स. "ड्यूटी बदलायला येणारी आली नाही म्हणजे काय होतं, ते माझ्या पायांना विचारा," म्हणायची. पाच मिनिटं आधीच येऊन साच्यांच्या मांडणीखालच्या खुर्चीत बसायची. खेळातही ती वैद्यीणच होती. नियम असा होता, की जो आला नाही त्याचं पात्र हजर असेल त्याने सांभाळायचं. म्हणजे सिस्टरने. तिघांच्या बाहुल्या तिने आठ वर्षं नदीपार नेल्या, त्यांच्या जखमा बांधल्या, त्यांना मरू दिलं नाही. तिघे आले की आयत्या धडधाकट बाहुल्या हातात घेऊन शौर्य गाजवायला मोकळे.

मग सिस्टरचं मुलीकडे कायमचं जायचं ठरलं. मुलीचं गाव लांब. "वेशीच्या आत काय आहे तेवढं बघून जाते," ती म्हणाली. "बाकी माझं इथे काही अडलेलं नाही." कवळीवाल्याने तिघांना निक्षून सांगितलं: शेवटचा रविवार, तीन वाजता, पाचला सिस्टरची गाडी येणार. तिघांनी छातीवर हात ठेवून शब्द दिले.

तीनच्या आधी सिस्टर आली, दोन बॅगा घेऊन. कवळीवाल्याने टेबलावर वेस उभी केली होती, प्लास्टरची, बिजागऱ्यांवर उघडणारी. महिनाभर खपला होता तो त्यावर. सिस्टरने ती नुसती डोळे भरून पाहिली, हात लावला नाही.

साडेतीन झाले. फोटोवाला पोचलोच म्हणाला.

"दोघांनीच सुरू करू या का?" सिस्टरने विचारलं. "तिघांचं मी बघते. नवीन थोडंच आहे मला?"

"पाच मिनिटं थांबू. येतीलच."

चार वाजता तिने पुन्हा विचारलं. कवळीवाला खिडकीतून मागे न बघताच म्हणाला, "सगळे आले की सुरू करू. शेवट आहे, सगळे हवेत." मग तो मेव्हण्यावर घसरला, क्लासवाल्याचा उद्धार केला, बायकोचं माहेर धुऊन काढलं. सिस्टर ऐकत होती. तिने वैद्यीण उचलली, पदराने पुसली आणि परत वेशीसमोर ठेवली.

खाली गाडीचा हॉर्न वाजला. कवळीवाला बॅग घ्यायला पुढे झाला तशी ती म्हणाली, "राहू द्या. एक सांगू? आठ वर्षं मी वेळेवर आले. आणि दर रविवारी तुम्ही माझ्याशी बोललात ते फक्त न आलेल्यांबद्दल."

ती स्वतःच्या बॅगा स्वतः घेऊन उतरली.

पाऊण तासाने तिघे एकदम आले, जिन्यात भेटल्यामुळे हसत. क्लासवाल्याच्या हातात फुलं. मेव्हण्याने रिकामी खुर्ची बघितली. "काय भाऊजी, सिस्टर आल्या नाहीत? कमाल झाली! पहिल्यांदाच!"

"आल्या होत्या," कवळीवाला म्हणाला.

"अरेरे," फोटोवाला म्हणाला. क्षणभर तिघांचे चेहरे खरंच पडले. मग मेव्हणा खुर्ची ओढून बसला. "आता जमलोच आहोत तर शेवट करून टाकू. वैद्यीण मी चालवतो. नियमच आहे ना?"

इथे कवळीवाल्याने तिघांना जिन्यावरून खाली घालवलं असतं तर ही हकीकत सांगणाऱ्यालाही बरं वाटलं असतं. पण तसं झालं नाही. टेबलाभोवती सगळे वाट बघत बसलेले त्याने कितीतरी दिवसांत पाहिले नव्हते. तो बसला आणि त्याने गोष्ट सांगितली, फार सुरेख सांगितली. वेशीवर पहारेकरी आले तेव्हा मेव्हण्याने वैद्यिणीला सगळ्यांच्या पुढे ढकललं. "तशाही त्या आता येणार नाहीत," म्हणाला. फासा उलटा पडला आणि वैद्यीण वेशीबाहेरच मेली. तिच्या आडून तिघे आत शिरले. फोटोवाल्याने टाळ्या वाजवल्या.

दुसऱ्या दिवशी सिस्टरचा फोन आला, सुखरूप पोचल्याचा. मुलीचं घर हवेशीर आहे, जिने मात्र फार, असं सांगून झालं. मग तिने विचारलं,

"खेळलात का हो नंतर?"

"खेळलो," तो म्हणाला.

"म्हणजे माझ्याशिवाय सुरू करता आलं."

तो घाईघाईने म्हणाला, "सांगतो ना तुम्हाला, आत काय होतं ते. पहिल्यापासून सांगतो. आत्ता वेळ आहे मला."

"नको," ती म्हणाली. "माझी वैद्यीण आत गेली का, एवढंच सांगा."

कवळीवाल्याच्या हातात कोणाचा तरी खालचा जबडा होता. तो त्याने टेबलावर ठेवला.

"हो," तो म्हणाला. "सगळ्यात आधी."