फोटोतली चौथी बाई

भूतबाधा, करणी, अपशकुन... यावर माझा काडीचाही विश्वास नव्हता. आजही फारसा नाही. पण ही एक गोष्ट मला अजून सुटलेली नाही, म्हणून लिहितो.

महाराष्ट्र राज्य होऊन चार-पाच वर्षं झाली असतील. मी मेहकरला मास्तर होतो आणि डोक्यात बॉक्स कॅमेऱ्याचं खूळ होतं. सुटीच्या दिवशी एसटीने फिरून बाजार, देवळं, घाट टिपायचे आणि घरी न्हाणीच्या खिडकीला गोधडी लावून फोटो धुवायचे. काळा कागद आड धरून दोन निगेटिव्ह एकाच कागदावर छापायचे, हाही उद्योग चालायचा. एकदा हेडमास्तरांना बैलावर बसवलं होतं — त्यांना अर्थात दाखवलं नाही.

संक्रांतीला बायको शांता, बहीण कुसुम आणि शेजारच्या वहिनी यांचा पैनगंगेकाठी फोटो काढला. शांता मधे होती. फोटो पाहून आईचं तोंड उतरलं.

"काऊन रे, तिघींचा काढला? तीन तिगाडा, काम बिगाडा. मधलीले सोसत नाई ते."

मी हसलो. आठवड्याच्या आत शांताला ताप भरला. विषमज्वर निघाला. अकराव्या दिवशी डॉक्टर जाताना माझ्याकडे न बघताच म्हणाले, "आज उतरला तर ठीक." आमच्या लग्नाला जेमतेम दीड वर्ष झालं होतं.

आई म्हणाली, "तिघं गावाले निघाले तं चवथा म्हणून खडा घेतेत ना सोबत? तसा त्या फोटोत चवथा माणूस घाल. तुले येते ना ते."

विश्वास नव्हता, पण नुसतं बसवतही नव्हतं. भरदुपारी न्हाणीत शिरलो. धाड गावच्या बाजारात टिपलेली एक अनोळखी बाई निगेटिव्हमधे सापडली — कांदे विकणारी, कपाळावर ठसठशीत गोंदण. कांदे झाकून तिला कमरेपासून वर घेतलं आणि ओळीच्या कडेला छापलं. घाईत ती जरा तिरकीच बसली. फोटो पक्का करायला कागद हायपोच्या पाण्यात टाकला तोच आईची हाक आली.

शांताला दरदरून घाम फुटला होता. कपाळ गार लागत होतं. तिने डोळे उघडले.

"ती बाई गेली का?"

"कोणती?"

"गोंदणाची. उशाशी बसून डोक्यावरून हात फिरवून राह्यली होती. कांद्याचा वास येत होता तिच्या हाताले."

घरात कुणीही आलेलं नव्हतं. फोटो अजून हायपोत होता, आईनेसुद्धा पाहिला नव्हता. पण तेव्हा हे काही सुचलं नाही. शांता बोलत होती, एवढंच कळलं. मी तिथंच जमिनीवर बसून पोटभर रडलो.

ती हिंडूफिरू लागल्यावर तो फोटो घेऊन मी धाडच्या बाजारात गेलो. बाई त्याच जागी कांदे मांडून बसली होती. मी तोंड उघडायच्या आधीच तिने फोटो हातात घेतला. स्वतःकडे पाहिलंही नाही. शांतावर बोट ठेवून तिने विचारलं,

"जेवते का आता ही?"

"हाव... जेवते," मी कसंबसं म्हणालो.

"मंग झालं," म्हणाली आणि गिऱ्हाइकाकडे वळली. पुढे काही विचारायचं मला धाडस झालं नाही.

तिला कसं ठाऊक, हे आजवर कळलेलं नाही. आणि खरं सांगू? शांता समोर बसून भाकरी मोडते, तेव्हा ते कळायलाच हवं असंही वाटत नाही.