डावी बाजू दोन बोटं खाली

मी बत्तीस वर्षं कॉलेजात फिजिक्स शिकवलं. भुताखेतांचे किस्से सांगणाऱ्या मुलांना मी वर्गात उभं करून उलटतपासणी घ्यायचे – किती वाजले होते? उजेड किती होता? स्वतः पाहिलंस की ऐकलंस? – आणि चौथ्या-पाचव्या प्रश्नाला ते भूत पसार व्हायचं. वकिलाची मुलगी आहे, ही खोड घरातूनच आलेली. त्यामुळे ‘न उलगडलेले अनुभव’ मागवणाऱ्या या सदरात आज मीच काही लिहायला बसलेय हे कळलं, तर माझे जुने विद्यार्थी पोट धरून हसतील. हसू देत. मी जे मोजलं तेवढंच सांगणार आहे.

साल बासष्ट. अमरावती, राजापेठ. रस्त्यावरून आत वळलं की आमचं घर, घरापुढे फाटकापर्यंत मातीचं अंगण, अंगणात कडुनिंब आणि कडुनिंबाखाली ताडपत्रीने झाकलेली बाबांची गाडी. गाडी विलायती, दुसऱ्या महायुद्धाच्या आधीची, काळी, चार दारांची. बाबांनी ती एका म्हाताऱ्या डॉक्टरांकडून घेतली तेव्हा मी प्राथमिक शाळेत होते. कोर्टात जाताना ते ती अशा थाटात चालवायचे, की आई म्हणायची, "केस जिंकूनच निघालेत जणू!" आईची जागा ठरलेली – मागे, डावीकडे, खिडकीशी.

ती गाडी ताडपत्रीखाली का गेली, ते आधी सांगायला हवं.

मी सातवीत होते. अकोल्याहून तार आली, की माझी आजी, म्हणजे आईची आई, फार आजारी आहे. आईचं माहेर अकोल्याला जठारपेठेत, अमरावतीहून साठेक मैल. बाबांनी लगेच गाडी काढली. जुन्या गाड्यांचे ब्रेक गजांचे असत. पायाखालच्या दांडीपासून चारी चाकांपर्यंत लोखंडी गज गेलेले, एक ओढला की सगळे ओढायचे. बडनेरा ओलांडलं आणि समोर कापसाच्या बैलगाड्यांची रांग. बाबांनी ब्रेक दाबला, खाली काहीतरी खाडकन तुटलं आणि गाडी बाभळीच्या झुडपात शिरून थांबली. कुणाला काही लागलं नाही. पण बाबांचा चेहरा पांढरा पडला होता. पहिल्या गिअरमध्ये रांगत रांगत आम्ही बडनेऱ्याला परत आलो. स्टेशन समोरच होतं. अकोल्याकडे जाणारी पॅसेंजर यायची वेळ झाली होती, फलाटावर गर्दी दिसत होती.

आई मागून म्हणाली, "मला इथं उतरवून द्या. मी जाते."

बाबा म्हणाले, "एकटी कुठे जातेस बाईमाणूस? उद्या सकाळी मीच घेऊन जातो तुला."

वकीलसाहेबांच्या पत्नीने पॅसेंजरच्या गर्दीत एकटीने चढायचं, हे त्यांच्या डोक्यात बसेना. आई पुन्हा एकदा म्हणाली, "उतरवून द्या ना." तिसऱ्यांदा म्हणाली नाही. आम्ही घरी आलो आणि दिवेलागणीला दुसरी तार आली, आजी गेल्याची.

आई भांडली नाही. पण त्या गाडीत तिने पुन्हा पाय ठेवला नाही. टांग्याने जाई, एस.टी.ने जाई, उन्हातून चालत जाई. तीन वर्षांनी विषमज्वरात ती गेली. बाबांनी गाडीवर ताडपत्री टाकली, आणि मी मनाशी धरून ठेवलं, की या माणसाशी कामापुरतं बोलायचं. जेवायला वाढलंय, फी भरायचीये, पत्र आलंय... बस. पाच वर्षं एका घरात राहून आम्ही एवढंच बोलत होतो. आज लिहिताना लाज वाटते, पण तेव्हा वाटत नव्हती.

तर, बासष्टच्या चैत्रात, मी बी.एस्सी.ची परीक्षा देऊन घरी बसलेली असताना, बाबांनी एके दिवशी ताडपत्री काढली आणि वलगावहून गुलाबराव मिस्त्रींना बोलावलं. गुलाबराव आधी कापसाच्या एका जिनिंगमध्ये फिटर होते. लोखंडाशी ते असं बोलत, जसं लोक बैलाशी बोलतात. गाडीखाली जाऊन आले आणि म्हणाले, "वकीलसाहेब, इंजिन जित्तं हाय. पन ब्रेक अन् पाटे... याईचं काही खरं नाई."

पाटे म्हणजे चाकावर गाडीचं वजन झेलणाऱ्या पोलादी पट्ट्यांची चळत. काही तुटले होते, बाकीचे चपटे झाले होते.

बाबा म्हणाले, "सगळे नवे करा. ब्रेक तेलाचे बसवा. या खेपेला ब्रेकचं कारण नको."

कोणती खेप, ते त्यांनी सांगितलं नाही. मीही विचारलं नाही.

मिलिटरीच्या लिलावातली एक मोडकी जीप गुलाबरावांनी कुठूनशी पैदा केली आणि तिचे तेलाचे ब्रेक आमच्या गाडीला बसवायला घेतले. पाटे त्यांनी स्वतः घडवले. तापवून, ठोकून, वाकवून, तेलात विझवून. तीन आठवडे आमचं अंगण म्हणजे कारखाना झाला होता. बाबा धोतर खोचून गाडीखाली जात, आणि ज्या हातांनी आयुष्यभर फक्त टाक धरला होता ते हात काळेकुट्ट करून बाहेर येत. मी व्हरांड्यातून बघत असे. मदत करायची नाही असं ठरवलं होतं.

पण तेलाच्या ब्रेकमधली हवा काढायला दोन माणसं लागतात. एकाने आत बसून पायाने दाबायचं, दुसऱ्याने चाकाशी बसून स्क्रू सैल करायचा. बाबांचा गुडघा धरला होता. गुलाबरावांनी सरळ मला हाक मारली, "ताई, या बरं इकडं. तुमचा पाय लागते."

चैत्र सरतानाची दुपार होती. कडुनिंबाच्या फुलोऱ्याचा कडू-गोड वास, तापलेल्या कातड्याची सीट, आणि खालून गुलाबरावांचा संथ आवाज... "दाबा... धरून ठेवा... सोडा. दाबा... धरून ठेवा... सोडा." कितीदा ते मोजायचं मी सोडून दिलं. डोळे मिटत होते, पाय आपोआप चालत होता. त्या गुंगीत मला मागच्या सीटची स्प्रिंग हलकेच करकरल्याचं ऐकू आलं – कुणीतरी पदर सारखा करून नीट टेकून बसावं, तेवढंच. मी वळून बघितलं नाही. भीती वाटली म्हणून नव्हे. इतकं ओळखीचं होतं ते, की बघायची गरजच वाटली नाही. जाग आली तेव्हा गुलाबराव म्हणत होते, "झालं ताई. हवा गेली. आता ब्रेक म्हंजे असा, की माशीवर उभी राहीन गाडी!"

गाडी जॅकवरून उतरवली आणि गुलाबरावांचा चेहरा उतरला. मागची डावी बाजू खाली बसली होती.

इथून पुढे मी सगळं मोजलं आहे. बाबांकडे कोर्टाचे कागद बांधायची लाल फीत होती. ती मागच्या मडगार्डपासून जमिनीपर्यंत सोडून मी गाठ मारली. उजवीकडे गाठ बरोबर जमिनीला टेकायची. डावीकडे दोन बोटं फीत लोळायची. टायरची हवा सारखी होती. अंगण लेव्हल होतं, परातीत पाणी भरून ठेवून बघितलं. गुलाबरावांनी डावे पाटे उजवीकडे आणि उजवे डावीकडे बसवले.

तरी डावीच खाली.

"मले त समजूनच नाई राहिलं," गुलाबराव कपाळाचा घाम पुसत म्हणाले. "तीस वर्सं लोखंड ठोकलं म्या. पाटे बदलले, पिना बदलल्या, तरी हे काहून खाली बसून राहिली? रिकाम्या गाडीत सवारी बसल्यासारखी?"

मला चेव आला. सरकीचं पोतं आणलं, मागच्या सीटवर उजवीकडे ठेवलं आणि दोन्ही बाजू सारख्या होईपर्यंत त्यात थोडी थोडी सरकी भरत गेले. मग ते पोतं कोपऱ्यावरच्या दुकानात नेऊन वजन केलं. सेहेचाळीस किलो. विजय मिळवल्यासारखी मी तो आकडा घेऊन बाबांपुढे गेले. आता फक्त कारण शोधायचं राहिलं होतं.

बाबा पोत्याजवळ गेले आणि त्याच्यावर हात ठेवून म्हणाले, "तापाच्या आधी एवढीच होती ती."

मी आत जाऊन फडताळाशी उभी राहिले आणि खूप रडले.

दोन दिवसांनी अखजी होती, म्हणजे अक्षय्यतृतीया. आमच्याकडे त्या दिवशी मातीचा नवा घडा पाण्याने भरून पितरांच्या नावाने पूजतात. आणि लग्न झालेल्या मुली या सणाला माहेरी जातात. सकाळी घड्याची पूजा झाली, बाबांनी धुतलेला कोट घातला आणि मला म्हणाले, "येतेस अकोल्याला?" मी पुढे त्यांच्या शेजारी बसले. मागे कुणीच नव्हतं. निघण्याआधी मी फीत लावली होती. दोन बोटं.

बडनेऱ्याला बाबांनी स्टेशनसमोर गाडी थांबवली. खाली उतरले, मागचं डावं दार उघडलं आणि ते धरून उभे राहिले. लोक बघत होते. मीही उतरून मागे जाऊन पाहिलं. गाडी तशीच, डावीकडे कललेली. थोड्या वेळाने बाबांनी दार अलगद लावलं – झोपलेल्या माणसाला धक्का लागू नये तसं – आणि म्हणाले, "बरं. घरापर्यंत सोडतो."

तो प्रवास मला अजून अर्धवट झोपेत पाहिल्यासारखा आठवतो. दोन्हीकडे काळी, पीक निघून उलंगलेली शेतं, पुढे रस्त्यावर झळांचं पाणी, आम्ही जवळ गेलो की ते आणखी पुढे सरकायचं. मूर्तिजापूरच्या अलीकडे एक म्हैस रस्त्यात आली, बाबांनी ब्रेक दाबला आणि गाडी सरळ रेषेत, आवाज न करता थांबली. बाबांनी आरशात न बघताच मागे मान किंचित कलती केली. घाबरली नाहीस ना, असं विचारावं तशी.

जठारपेठेत मामाच्या दारात पोचलो तेव्हा ऊन डोक्यावर होतं. मामी बाहेर आली. आईनंतर आम्ही त्या घरी पहिल्यांदाच येत होतो. म्हणून तिच्या एका हातात पाण्याचा तांब्या आणि दुसऱ्या हातात भाकरीचा तुकडा होता, माझ्यावरून ओवाळून टाकायला. मी पुढच्या दाराने उतरले. पण बाबा मागचं डावं दार उघडून, रिकाम्या सीटपुढे मान खाली घालून उभे होते.

मामी शिकलेली नव्हती, पण तिला काही समजावून सांगावं लागत नसे. तिने बाबांकडे बघितलं, दाराकडे बघितलं. मग मला वळसा घालून ती त्या दारापाशी गेली, भाकरतुकडा ओवाळून टाकला, जमिनीवर पाणी ओतलं, आणि बाजूला सरून हळूच म्हणाली, "या वन्सं."

खाली पाट्यांचा एक बारीक आवाज झाला. गाडी वर आली. मी डोळ्यांनी पाहिलं, भर बारा वाजता, चार हातांवरून. मी फीत लावली. दोन्हीकडे गाठ जमिनीला टेकली होती.

आता उलटतपासणी. नवे पाटे एकमेकांत अडकले असतील आणि साठ मैलांच्या खडबडीत रस्त्याने मोकळे झाले असतील. ठीक. मग अदलाबदल केल्यावरही डावीच बाजू कशी अडकली? रस्त्यात न सुटता मामीच्या दारात, उभ्या गाडीत कशी सुटली? मी हे गणित वर्षानुवर्षं मांडलं, सहकाऱ्यांना नावं न सांगता विचारलं, त्यांनी सुचवलेलं सगळं तपासलं. गाडी पुढे आठ वर्षं आमच्याकडे होती, पुन्हा कधीही कलली नाही. गुलाबराव दरवेळी मागे वाकून बघायचे आणि तंबाखू मळायला लागायचे. माझ्याजवळ आजही स्पष्टीकरण नाही, आणि खरं सांगायचं तर आता मी शोधतही नाही.

त्या दिवशी उन्हं उतरल्यावर आम्ही परत निघालो. मी मागे बसले, डावीकडे, खिडकीशी. बाबांना बोलायला तेच बरं पडेल असं वाटलं. बडनेऱ्याचे दिवे दिसायला लागले. मग बाबा समोर बघतच म्हणाले, "न्यायला कधी यायचं, ते विचारायचं राहूनच गेलं गं."

मी पुढे वाकून त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. पाच वर्षांत पहिल्यांदाच.

"राहू द्या हो बाबा तिला," मी म्हटलं. "किती दिवसांनी गेलीये. राहील चार दिवस."